आधी चालणारा, मग फेकणारा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माजी सचिव म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलंय. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स यांवर इतर वक्ते बोलतीलच. मी एका खेळाबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी लेकीकडे कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाला गेलो होतो. एका सकाळी नात मला हाहामोंग्ना पार्कात घेऊन गेली. शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. या पार्कात ओकच्या झाडांखाली १९७५ साली एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फचं मैदान आखलं. या खेळाचं ते पहिलं कायमस्वरूपी मैदान मानतात. सुरुवातीला नेम खांबांवर धरायचे. पुढे हेड्रिक यांनीच साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली तयार केली. डिस्क साखळीवर आपटते, छन् असा आवाज होतो आणि ती टोपलीत पडते.

खेळ सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. नवख्याने लांब पल्ल्याची, पातळ कडेची डिस्क घेऊच नये. जाड कडेची ‘पटर’ बरी, ती हळू पण सरळ जाते. जोर हातात नको, कमरेच्या वळणात हवा. एवढं शिकवूनही माझी पहिली डिस्क डावीकडे वळून थेट झुडपात गेली. उजव्या हाताने अशी फेकलेली डिस्क वेग संपताना डावीकडेच वळते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या फेकीला हात मागे नेला तेवढ्यात नातीने मनगट धरलं. “आजोबा, थांबा. आधी त्या जातील.” समोरच्या वाटेवरून एक बाई घोड्यावरून सावकाश येत होत्या. मागे कुत्रा घेऊन एक आजोबा. आम्ही उभे राहिलो. दोन-तीन मिनिटं गेली. बाईंनी हात हलवला, आम्हीही हलवला. मग मी फेकलं. नात म्हणाली, “पार्क सगळ्यांचं आहे ना! समोर माणूस दिसला की फेकायचं नाही, आणि चुकून डिस्क कुणाकडे गेलीच तर मोठ्याने ओरडायचं.”

खरं सांगतो, मला आपल्या बागेतली पाटी आठवली. ‘बागेत चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.’ ती मीच सचिव असताना लावली. त्याआधी फेऱ्या मारणाऱ्या एका काकूंना चेंडू लागला होता. त्यांची तक्रार रास्तच होती, पण मी उपाय सोपा शोधला. थांबायला शिकवायचं सोडून खेळच बंद केला. मुलं पार्किंगमध्ये गेली, तिथून गाड्यांच्या काचांमुळे हाकलली, मग घरात बसली. आता आपणच म्हणतो, मुलं मोबाईल सोडत नाहीत!

आपल्या बागेत डिस्क गोल्फ आणा असं मी मुळीच म्हणत नाही. जागा लहान आहे आणि त्या डिस्क चांगल्याच टणक असतात. पण संध्याकाळचा एक तास, मऊ चेंडू आणि ‘आधी चालणारा, मग फेकणारा’ हा एक नियम, एवढं तर जमेल? फेऱ्या मारणाऱ्यांनीही त्या तासात मधल्या हिरवळीवरून न जाता कडेने चालावं.

पाटी ठरावाने लागली, ठरावानेच निघेल. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो ठराव मांडायचा मान मला द्यावा, ही विनंती.

आणि मुलांनो, पदभार सोपवताना ऑफिसच्या कपाटात मी जप्त केलेले सतरा चेंडू मोजले होते. ते अजून तिथेच आहेत. त्यांचा टप्पा आता गेला असेल. बदली नवे सतरा मी आणून देतो. ज्यांचे ते होते ते आता नोकरीला लागले. तुम्ही तरी खेळा.