बिनडिस्कचे संगणक आणि हुकमाची ओळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते बोनस, महागाईभत्ता आणि संप यांची वाट पाहू लागतात. आज तिकडे जरा आडवाटेने जावयाचे आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, तेव्हा ज्या कामात गेली काही वर्षे हात काळे केले त्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर शिकलो.

विषय असा आहे: ज्यांच्या पोटात स्वतःची डिस्क नाही असे दहावीस संगणक एका सर्व्हरच्या जोरावर कसे चालतात, आणि त्या सर्व्हरसमोर बसलेला मनुष्य नुसते शब्द टाइप करून त्या सर्वांवर हुकमत कशी चालवितो. ही हुकमत कोणाच्या हाती असावी आणि तिचा हिशेब त्याने कोणाला द्यावा, ही आमची खरी चिंता. पण यंत्र समजून घेतल्यावाचून हक्काची भाषा बोलू नये, असा चळवळीतला जुना दंडक आहे. म्हणून आधी यंत्र.

आमच्या कचेरीच्या माडीवर कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. तेथे अठरा संगणक आहेत. एकही नवा नाही. कोणी भंगाराच्या भावाने दिले, कोणी आशीर्वादासह फुकट दिले. असे संगणक आता गावोगाव निघत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा मोफत आधार थांबविला, आणि पुढची विंडोज इलेव्हन ज्यांच्यावर चढत नाही अशी धडधाकट यंत्रे अडगळीत गेली. जुन्या संगणकात आधी काय मरते? जे फिरते ते मरते. पंखा मरतो, आणि फिरती डिस्क मरते. प्रोसेसर सहसा मरत नाही. अठरा संगणकांना अठरा डिस्का म्हणजे अठरा बिऱ्हाडे; एकाला खोकला, दुसऱ्याला ताप, तिसऱ्यात कोणा पोराने भलतेच काही भरून ठेवलेले. रविवारचा रविवार त्यांच्या शुश्रूषेत जातो.

तेव्हा डिस्क काढूनच टाकली तर? संगणक चालू तरी कसा होईल? येथे आम्हांला फाटकावरचा बदली कामगार आठवतो. तो सकाळी येतो तेव्हा कोणत्या खात्यात, कोणत्या साच्यावर जावयाचे हे त्याला ठाऊक नसते. तो फाटकावर विचारतो, तेथे त्याला सांगतात, आणि तो कामाला लागतो. बिनडिस्कचा संगणक असाच आहे. बटन दाबताच त्याचे नेटवर्क कार्ड जागे होते. त्या कार्डावर कारखान्यातच कोरलेला एक पत्ता असतो, सहा जोड्यांचा. तो पत्ता सांगून ते तारेवर हाक देते की, मी अमुक, मला येथे नंबर काय आणि मी काय करू? या हाकेला उत्तर देणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. ती त्याला नंबर देते आणि कोणती फाइल उचलावयाची तिचे नाव सांगते. मग टीएफटीपी नावाचा, १९८१ पासून चालत आलेला एक अगदी साधा हरकाम्या सर्व्हरवरून लिनक्सचा गाभा आणून देतो. गाभा जागा झाला की तो सर्व्हरवरची डिस्क तारेतून आपलीच समजून वापरू लागतो. ही शेवटची युक्ती सन कंपनीने १९८४ साली काढली. तिचे नाव एनएफएस. बटनापासून नाव विचारणाऱ्या पडद्यापर्यंत आमच्याकडे मिनिट-दीड मिनिट लागते.

यातली खुबी अशी की, सर्व्हरवरची ती मूळ प्रत फक्त वाचता येते. संगणकावर बसलेल्याने जे काही फेरफार केले ते त्याच्या मेमरीत राहतात, आणि यंत्र बंद होताच पाटी पुसल्यासारखे नाहीसे होतात. मुलाचे स्वतःचे लिखाण तेवढे सर्व्हरवर त्याच्या नावाच्या कप्प्यात राहते. उद्या तो दुसऱ्या खुर्चीवर बसला तरी त्याचा कप्पा त्याच्यापुढे उघडतो.

मुंबईत १८५४ पासून कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. त्या जुन्या गिरण्यांत वाफेचे एक इंजिन असे, त्याच्या जोरावर छताखालून लांबच्या लांब शाफ्ट फिरे, आणि शाफ्टवरून खाली उतरलेल्या चामड्याच्या पट्ट्यांवर साचे चालत. सर्व्हर म्हणजे ते इंजिन, तारा म्हणजे पट्टे. पूर्वी ही उपमा तंतोतंत लागू होती, कारण सगळे काम सर्व्हरच करी आणि पुढचे यंत्र नुसता पडदा असे. आता पुढच्या यंत्राचा प्रोसेसर आणि मेमरीही कामाला लावतात. सर्व्हरकडून येते ते फक्त साहित्य. पण एक गोष्ट तशीच राहिली. इंजिन थांबले की सारी गिरणी थांबते. याकडे पुन्हा यावे लागेल.

ही व्यवस्था कोणी बसविली? मिशिगन राज्यातल्या जिम मॅकक्विलन या गृहस्थाने १९९९ साली लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. त्याचे लघुरूप एलटीएसपी. २०१९ साली तो मुळापासून नव्याने लिहिला गेला, आणि त्यात पुढाकार होता ग्रीस देशातल्या, शाळांचे संगणक सांभाळणाऱ्या मंडळींचा. तो फुकट आहे, आणि त्याच्या आतले लिखाण कोणालाही वाचता येते. यापैकी दुसऱ्या गोष्टीचे मोल आम्ही अधिक मानतो.

आता हुकमाची ओळ. इंग्रजीत तिला कमांड लाइन म्हणतात. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण. चित्र नाही, बटन नाही. तेथे शब्द लिहावयाचे आणि एंटर दाबावयाचे. पाहणारे प्रथम बिचकतात; आम्हीही बिचकत होतो. पण मराठी टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारी मुले आली आणि अठरा यंत्रांवर इनस्क्रिप्ट कळफलक बसवावयाची वेळ आली, तेव्हा या काळ्या पडद्याची किंमत कळली. सर्व्हरवर एका ओळीने कळफलकाचे साहित्य बसविले. दुसरी ओळ लिहिली, 'एलटीएसपी इमेज' आणि पुढे एक तिरकी रेघ. या हुकमाने सर्व्हर स्वतःचेच छायाचित्र काढावे तशी आपली दाबून बसविलेली प्रत तयार करतो. तिसऱ्या ओळीने संगणक पुन्हा सुरू केले. चहा येऊन संपेपर्यंत अठराही यंत्रांवर मराठी कळफलक हजर! पूर्वी याच कामाला दोन रविवार लागत.

एखाद्या यंत्राला वेगळी वागणूक द्यावयाची असेल तर तीही लिहून देता येते. कोपऱ्यातल्या यंत्राचा पडदा लहान आहे, दाराजवळच्याला प्रिंटर जोडला आहे. तर त्यांचे सहा जोड्यांचे पत्ते एका फाइलीत लिहून त्याखाली त्यांचे नियम लिहावयाचे, आणि 'एलटीएसपी इनिट-आर-डी' हा हुकूम द्यावयाचा. सकाळी यंत्रे उठविण्यासाठीही हुकूम आहे. त्यातून तारेवर १०२ बाइटांची एक हाक जाते: आधी सहा ठराविक बाइट, आणि मग त्या यंत्राचा पत्ता सोळा वेळा. कुंभकर्णालासुद्धा एवढ्या वेळा कोणी नावाने हाक मारली नसेल. मात्र सगळ्यांना एकदम उठवू नये. सर्व्हरपासूनची तार एक गिगाबिटची. अठरा जण एकदम दारात आले तर चेंगराचेंगरी होते. आम्ही तीन-तीन करून उठवितो. रात्री पाच मिनिटे आधी सूचना देऊन, यादीतल्या प्रत्येक नावाला एसएसएचमार्फत बंद होण्याचा हुकूम एकाच ओळीने जातो. हे एसएसएच फिनलंडमधल्या टाटू युलोनेन याने १९९५ साली लिहिले, कारण त्याच्या विद्यापीठाच्या तारांवर कोणी चोरून पासवर्ड ऐकत होते.

कोणी म्हणेल, हेच काम चित्रावर टिचकी मारून होत नाही काय? होते. पण टिचक्यांनी केलेले काम सांगता येत नाही, शेजारी बसवून दाखवावे लागते. शब्दांनी केलेले काम वहीत उतरविता येते. आमच्या अभ्यासिकेत दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर हुकूम, उजव्या पानावर मराठीत त्याचा अर्थ आणि तो कोणी, केव्हा, कशासाठी दिला याची नोंद. त्या वहीवरून दहावी झालेली एक मुलगी महिन्या-दोन महिन्यांत सारे काम करू लागली. ज्या ज्ञानाची नक्कल करता येते ते एका माणसाच्या मुठीत राहत नाही. गिरणीत जॉबरचा रुबाब पुष्कळसा यावर होता की, बिघडलेले यंत्र कोठे आवळावयाचे हे त्याने कोणाला धड सांगितलेच नाही.

आणि आता रुबाबाचा विषय निघालाच आहे, तर कटू भागाकडे वळू. लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला रूट म्हणतात. सर्व्हरवरच्या रूटला कोणाचाही कप्पा उघडता येतो, कोणाचेही काम बंद पाडता येते. 'सर्व्हर' या शब्दाचा अर्थ सेवक; परंतु नावावर जाऊ नये, पुष्कळ मालकही स्वतःला सेवक म्हणवितात. एलटीएसपीच्या जोडीला चालणारा एक कार्यक्रम आहे, त्याचे नाव एपॉप्टीस. त्यातून शिक्षकाला वर्गातल्या सर्व यंत्रांचे पडदे आपल्यासमोर लहान लहान चौकटींत पाहता येतात, पडद्याला कुलूप घालता येते, हुकूम पाठविता येतो. वर्गात त्याचा उपयोग मोठा आहे. पण हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ विचाराल तर देखरेख करणारा. आमच्या भाषेत, मुकादम!

एका कचेरीत आमच्या सभासद भगिनी पडद्यावर फॉर्म भरण्याचे काम करीत. यंत्रे बिनडिस्कचीच होती. त्यांपैकी एकीला मेमो आला की, तिने अमुक दिवशी पावणेबारा मिनिटे काम थांबविले. पावणेबारा! वरच्या साहेबालाही एवढे बारीक कसे दिसले, हा प्रश्न तिने आम्हांला विचारला. आम्ही सर्व्हर कोठे आहे ते विचारले आणि उत्तर मिळाले. कोणाचाही पडदा कोणत्याही क्षणी पाहिला जात होता, आणि पाहणाऱ्याची नोंद मात्र कोठेच नव्हती. त्या पावणेबारा मिनिटांत ती बाई कचेरीच्याच दुसऱ्या टोकाला, कागदी फॉर्मचा गठ्ठा शोधीत उभी होती. पडद्याला ते दिसत नाही.

वाटाघाटींत आम्ही देखरेख बंद करा असे म्हणालो नाही. शाळेत, कारखान्यात, कोठेही ती असणारच. आम्ही म्हणालो, पाहणाऱ्यालाही हजेरीपट असू द्या. आणि तो शक्य आहे हे आम्हांला ठाऊक होते. सुडो नावाचा एक हुकूम आहे. अमेरिकेत बफेलो येथल्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास तो लिहिला गेला. रूटचा पासवर्ड सर्वांना वाटण्याऐवजी ठराविक माणसांना ठराविक हुकूम देण्याची परवानगी त्यातून मिळते, आणि कोणी, केव्हा, कोणता हुकूम दिला त्याची ओळ आपोआप नोंदली जाते. साहेबांच्या तंत्रज्ञाने हसून सांगितले की, पूर्ण रूट हाती असलेला माणूस ती नोंदही पुसू शकतो. त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून आम्ही दुसरी मागणी केली की, नोंदीची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि त्या यंत्राची किल्ली त्याच माणसाकडे नसावी. पडदा पाहिला जात असताना त्यावर तशी खूण दिसावी, ही तिसरी. मेमो मागे घेतला गेला. खुणेची मागणी मान्य झाली. नोंदीच्या प्रतीचे भांडण अजून चालू आहे, आणि ते आम्ही सोडलेले नाही.

जे दुसऱ्याकडे मागतो ते आपल्या घरी आहे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. येणे रास्त आहे. अभ्यासिकेच्या सर्व्हरवर ज्यांना हुकूम देता येतो अशा तीन व्यक्ती आहेत. त्यांत ती दहावी झालेली मुलगी आहे. रूटचा पासवर्ड बंद पाकिटात, लाखेच्या शिक्क्यासह, खजिनदाराच्या कपाटात आहे. नोंदीची प्रत खालच्या मजल्यावरच्या यंत्रात जाते. मुलांच्या कप्प्यात आम्ही डोकावत नाही, आणि एकदा एका पालकाने मुलाचा कप्पा उघडून दाखवा म्हटले तेव्हा त्या मुलाला बोलावून त्याच्यासमोरच काय ते झाले.

राहिला इंजिन थांबण्याचा प्रश्न. वीज जाते ही आपल्याकडची नित्याची गोष्ट; म्हणून सर्व्हरला आणि तारांच्या जोडपेटीला बॅटरीचा आधार आहे. पण त्या अठरा यंत्रांना तो नाही. ती गेलेल्या विजेबरोबर बंद पडतात, आणि न साठविलेले लिखाण जाते. सर्व्हरच्या दोन डिस्कांवर एकच मजकूर जातो, त्यामुळे एक मेली तरी दुसरी असते. शिवाय त्याच्यासारखाच एक जुना संगणक झाकून ठेवला आहे. दर शनिवारी त्यावर सगळ्याची प्रत घेतात, आणि तीन महिन्यांतून एकदा खरा सर्व्हर मुद्दाम बंद करून त्या राखीव यंत्रावर अभ्यासिका चालवून पाहतात. बदलीला महिनोन् महिने काम दिले नाही तर ऐनवेळी त्याचा हात चालत नाही.

वही अभ्यासिकेत दाराजवळच्या टेबलावर उघडी असते, आणि मुलांनी ती वाचावी अशी मुभा आहे. मागल्या महिन्यात अकरावीतल्या एका मुलाने विचारले की, मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी माझे यंत्र कोणी बंद केले, उजवे पान कोरे का? त्या दिवशी वीज गेली होती. हुकूम कोणीच दिलेला नव्हता. ते कारण त्या कोऱ्या पानावर लिहिले, आणि त्याखाली त्याची सही घेतली.