कोंबडी मान टाकते तेव्हा



कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही येण्याआधीच संपलेला असतो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या निघतात त्या घरच्या बाईच्या कोंबड्यांवर. हे धन सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याच्या मरणाची दखलही कोणी घेत नाही.

कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली, की आधी तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. पाणी आणि भरडलेली ज्वारी जवळ ठेवा. निरोगी कोंबड्यांचं आधी करा, तिचं शेवटी. मग हात धुवा. हिरवट हगवण, धाप, वाकडी मान दिसली तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय धरा. त्यावर औषध नाही. शेतीची पदवी घेतलेला मीही दुसरं काही सांगू शकत नाही.

इलाज आधीच करायचा. पिलू आठवड्याचं झालं की लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बीची टोचणी. आजारी पाखराला मात्र टोचायचं नाही.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर कापू नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नका.

मग लस का होत नाही? बाटली शंभर पाखरांची, घरात कोंबड्या आठ, आणि फोडलेली बाटली टिकत नाही. म्हणून दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवा, लस बर्फात आणा, पहाटे खुराडी उघडण्याआधी टोचून घ्या. आठ कोंबड्यांसाठी बाटली कोणी फोडत नाही. शंभर कोंबड्यांची वस्ती उभी राहिली, तर फोडावीच लागते.