मुली इंजिनिअरिंगला का जात नाहीत?

(शहरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा काही भाग)

मैत्रिणींनो, मी मेकॅनिकल इंजिनिअर. वर्गात आम्ही तिघीच मुली, बाकी सगळे मुलगे. 'मुलींना यंत्रांची आवडच नसते', हे मी तेव्हापासून ऐकते आहे. आमची आई शिलाई मशीन खोलून, तेल घालून पुन्हा जोडायची. त्याला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही, एवढंच.

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे. पुढे चिकलठाणा, वाळूजला कारखाने आले. शिक्षण दाराशी, नोकरीही दाराशी. पण १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ काय सांगत होतं? बाईनं कारखान्यात काम करायचं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७. सवलत दिली तरी रात्री १० च्या पुढे नाहीच. नियम संरक्षणासाठी होता, हे खरं. तीन पाळ्या चालवणाऱ्यांना मात्र मुली न घेण्याचं आयतं कारण मिळालं. मला एका मुलाखतीत विचारलं, "रात्रपाळीला कोण येणार, तुमचे वडील?" मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. मी शिकवण्याकडे वळले.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत तर मुलींनी अर्जच करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. जे छापत नाहीत, नुसतेच घेत नाहीत, त्यांना कसलं पोस्टकार्ड लिहिणार?

हा हिशेब घराघरांतल्या वडिलांना पाठ असतो. मुलाच्या फीसाठी जमीन गहाण पडते, मुलीच्या वेळी मात्र 'हिला डी.एड.च आवडतं' असं म्हटलं जातं. मुलगीही तेच म्हणू लागते. आपण त्याला तिची निवड म्हणतो!

आता प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची फीही सरकार भरतं. चांगलंच झालं. पण कन्नड-पैठणहून आलेल्या मुलीला खोलीचं भाडं, खाणावळ कोण देणार? कॉम्प्युटरला मुली दिसतात, कारण ते 'बसून करायचं काम'. मेकॅनिकलचं नाव काढलं की आई हात धरते.

रात्रपाळीची मुभाही अलीकडे आली आहे, बाईच्या संमतीनं आणि सुरक्षिततेच्या अटींवर. म्हणून दोन कामं सुचवते. प्रवेशाचे फॉर्म भरायच्या दिवसांत आपल्यापैकी दोघींनी वस्तीत बसावं. मुलीशी बोलावं, आणि तिच्या वडिलांशीही. आणि कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारावं, पाळी सुटल्यावर बाईला घरी सोडायला गाडी आहे का?