वाढलेलं हिरवं कुंपण कधी आणि कसं छाटायचं?

 

आपल्या पट्ट्यात कंपनीच्या गेटाजवळ, सोसायटीच्या भिंतीला, शाळेच्या आवारात बारमाही हिरवी झुडपं असतात. कण्हेर, जास्वंद, तगर, मेंदी, मोरपंखी. दोन-तीन वर्षं हात लागला नाही की ती डोक्यावर जातात. वळणावरची गाडी दिसत नाही आणि बुडाशी नुसत्या काटक्या उरतात. मग कुणीतरी कोयता घेऊन भर मे महिन्यात सगळं सपाट करतं. नंतर झुडूप वाळलं की दोष बाईच्या हाताला! बागकामाचं काम घेणाऱ्या गटांनी म्हणूनच हे नीट ऐकावं.

जुन्नर-नारायणगावकडच्या मैत्रिणींना द्राक्षाची एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी ठाऊक आहे. तिथे वेलीवर पान ठेवत नाहीत. पण बारमाही झुडपाचं पान म्हणजे त्याची चूल. सगळी पानं एकदम काढली तर ते उपाशी पडतं. त्यात एप्रिल-मेचं ऊन उघड्या सालीवर पडलं की साल भाजते.

मग कधी छाटायचं? मोठी छाटणी जूनमध्ये, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, उघडीप बघून करावी. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही चालते. जुलै-ऑगस्टच्या झडीत मोठे घाव करू नयेत, बुरशी धरते. पाऊस सरला की ऑक्टोबरात नुसते शेंडे सारखे करावेत. कात्री लावण्याआधी आत डोकावून बघा. बुलबुलाचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

आता कसं छाटायचं. आधी वाळलेलं आणि रोगट काढा. मग सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुडाजवळून कापा. बाकीच्या पुढच्या दोन वर्षांत काढा. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि एकदाही उघडं पडत नाही. बारीक फांदीला कात्री, जाड फांदीला करवत. कोयत्याने फांदी चिरते. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर, तिरका घ्या. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा, म्हणजे बुडालाही ऊन मिळतं आणि तिथेही पालवी येते.

मोरपंखीला मात्र वेगळा नियम. तिच्या आतल्या तपकिरी, बिनपानांच्या लाकडावर पुन्हा फूट येत नाही. तिचे हिरवे शेंडेच कातरायचे.

जाड घावांना बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं घ्या, धातूचं नको. नंतर ते भांडं घरात वापरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, कण्हेर. तिचं पान, फूल, फांदी, चीक सगळं विषारी आहे, वाळल्यावरसुद्धा. छाटलेला ढीग रस्त्याकडेला राहिला आणि शेळीने तोंड लावलं तर थोड्या पानांनीही शेळी दगावते. एका शेळीवर घरातल्या मुलीची फी भागत असते, बायांनो. म्हणून हातमोजे घाला, ढीग त्याच दिवशी उचला, आणि जनावरं पोचणार नाहीत असा खोल खड्डा करून पुरा. जाळू नका, धूरही घातक असतो. चुलीत तर मुळीच नको. जनावराने खाल्लंच तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

काम घेताना दर फुटावर ठरवा आणि कचरा कोण उचलणार ते आधीच कागदावर लिहून घ्या. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला हात लावू नका, महावितरणला कळवा. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. झुडूप वाढून झाडाएवढं झालं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारा.

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीत कण्हेर कुठे कुठे आहे आणि तिथून शेळ्या जातात का, याची यादी करा. जूनच्या आत ती हाताशी असू द्या.