फूल की दोन पाने?



मी सातवी शिकलेली. राजकारणावर काय बोलणार? परंतु मत तर मीही देते.

१९४८ साली आपले जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २०१४ साली ठाणे जिल्हा सुटला. मुख्यालय जव्हारला हवे होते, झाले पालघरला. दोन्ही वेळा घरोघरचे मत कोणी घेतले नाही.

गोव्याच्या लोकांना मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी विचारले. महाराष्ट्रात यायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे. तरी कौल निर्मळ व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१.

आपल्या मराठी मनाला हे लागते. पण तिथल्या बाईने काय तोलले असेल, याचा विचार करा हो! घरातली बोली कोकणी, कचेरी पणजीला, मुंबई लांब. दाखल्यासाठी ठाण्याच्या खेपा घातलेल्या आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

मी तिथे असते, तर शिक्का फुलावरच मारला असता. शेजारीण पानांकडे गेली असती, तर तिच्याशी वाद घातला असता, आणि संक्रांतीचे वाणही तिलाच पहिले दिले असते.