आपाने इन्चार्जपद सोडलं

(पिंपरीतील एका युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'करिअरमधली प्रगती' हा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनियरिंग केलंय, तेव्हा माझ्याकडून पॅकेज, स्विच, ऑनसाइट असं काहीतरी ऐकायची तुमची तयारी असेल. मी त्यांना सांगितलं, मला एक पायरी खाली उतरण्याबद्दल बोलायचंय. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, बोला.

उतरलेली व्यक्ती मी नाही, माझी मोठी बहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. तिच्या परवानगीने बोलतोय. हे भाषण तिने काल रात्री वाचलं आणि दोन ठिकाणी खोडलं. पगाराचे आकडे मात्र तिनेच घालायला लावले. 'आकडे सांगितल्याशिवाय पोरांना काही समजत नाही,' म्हणाली.

आमचे अब्बा १९८४ साली धाराशिवकडून भोसरी एमआयडीसीत आले. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसं इकडं येतच राहिली, त्यांच्यातलेच एक. आयुष्यभर लेथवर उभे राहिले. आपा बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा घरात काय झालं असेल ते इथल्या मुलींना सांगायला नको. नाइट ड्युटी हा एकच शब्द फुफीने सहा महिने धरून ठेवला होता. अब्बांनी कुणाचं ऐकलं नाही. आपा जीएनएम झाली, इथल्याच एका खासगी हॉस्पिटलमध्ये लागली आणि आयसीयूत चांगली तयार झाली.

मग कोविड आला. २०२० मध्ये नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो सेंटर उभं राहिलं, वायसीएम कोविडसाठी घेतलं गेलं, ते तुम्ही पाहिलंय. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी आणि रेमडेसिविरसाठी लोक कसे धावत होते, तेही आठवत असेल. त्याच लाटेत आपाच्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर नोकरी सोडून गावी निघून गेली आणि आपाला इन्चार्ज केलं. ट्रेनिंग नाही, हँडओव्हर नाही. एका सोमवारी सांगितलं, आजपासून तुम्ही बघा.

घरी पेढे वाटले. अब्बांनी मशिदीबाहेर चार लोकांना थांबवून सांगितलं. मोहल्ल्यात तिला 'इन्चार्ज' म्हणायला लागले. मी स्वतः स्टेटस टाकलं होतं.

आता इन्चार्ज म्हणजे काय ते ऐका, कारण मलाही दोन वर्षं माहीत नव्हतं. ड्युटी रोस्टर लावायचं. कुणी ऐनवेळी आलं नाही तर माणूस शोधायचा, नाही मिळाला तर स्वतः उभं राहायचं. इंडेंट, औषधांचा साठा, नार्कोटिकचं रजिस्टर, क्रॅश कार्टची रोजची तपासणी, एनएबीएचच्या ऑडिटच्या फायली. बिल बघून भडकलेले नातेवाईक आधी सिस्टरच्याच अंगावर येतात, डॉक्टर नंतर भेटतात. वरून मेट्रनची बोलणी, खालून नव्या मुलींचं रडणं. आणि हे सगळं करताना पेशंटही असतातच. अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक परिचारिका हवी आणि सुट्ट्यांसाठी वर ३० टक्के माणसं जादा हवीत, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. आपाच्या आयसीयूत एकीकडे दोन, कधी तीन पेशंट असायचे. रजेची जादा माणसं म्हणजे आपा.

फोन रात्री दोनलाही वाजायचा. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये ऑन-कॉल असतो, पण तो आठवड्याआड तरी असतो.

तिच्यात जे बदल होत होते, ते मी पाहिले आणि समजून घेतले नाहीत. ड्युटीवरून आली की ती पार्किंगमध्ये अॅक्टिव्हावर वीस-वीस मिनिटं बसून राहायची, वर यायची नाही. ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर झोपली. पेशंटबद्दल बोलताना नावं जाऊन बेडचे नंबर आले. एकदा म्हणाली, 'सात नंबर गेला', आणि शिरखुर्मा वाढायला उठली. बीपी १६० वर १०० निघालं तेव्हा मी मीठ कमी कर असा सल्ला दिला.

ह्याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आयटीवाल्यांनी स्वस्त केलाय, शुक्रवारी संध्याकाळी सगळेच बर्नआउट असतात. पण तो मुळात दवाखान्यातूनच आला. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल तो वापरला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. तो आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे असं म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: माणूस पार थकतो, कामापासून मनाने तुटतो किंवा त्याबद्दल कडवट होतो, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं त्याला वाटू लागतं. 'सात नंबर गेला' ही दुसरी खूण होती. तासांचं म्हणाल तर, २०२१ मध्ये त्याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो, तुलना ३५ ते ४० तासवाल्यांशी. आपाचे ६० च्या खाली कधी गेले नाहीत.

तिसरी खूण एका रात्री आली. २०२३ चा फेब्रुवारी, सलग दुसरी ड्युटी. तिने ट्रेमध्ये एक अँप्युल काढून ठेवलं. शेजारची नवी मुलगी, जेमतेम चार महिन्यांची, म्हणाली, 'सिस्टर, हे केसीएल आहे.' पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. नर्सिंगमध्ये हे पहिल्या वर्षी शिकवतात. दुसऱ्या औषधाचं अँप्युल दिसायला तसंच होतं, हे खरं. पण आपा म्हणते, मी लेबल वाचलं होतं. वाचलं, आणि डोक्यात गेलं नाही.

पेशंटला काही झालं नाही. तिने स्वतःच्या नावाने इन्सिडेंट रिपोर्ट भरला, सकाळी घरी आली आणि म्हणाली, 'मी इन्चार्जपद सोडतेय.'

ह्यानंतर मी जे केलं ते सांगतो. मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेल केलं. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता १९ हजार, त्यातला निम्मा तिचा. अब्बांची औषधं. भाच्याची फी. शेवटी लाल रंगाचा आकडा. मी तिला दाखवून म्हणालो, 'दोन महिने सुट्टी घे, पण पद सोडू नकोस.' ती म्हणाली, 'सुट्टीवरून आले की रोस्टर माझंच ना?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्व्हरवर लोड जास्त झाला तर लोड कमी करायचा असतो, हे मला कळतं, त्याचाच पगार घेतो. बहिणीला मी रिस्टार्ट करायला सांगत होतो.

फुफीने विचारलं, 'निकाल दिए क्या तेरे को?' हे अपेक्षित होतं. मला जास्त लागलं ते अब्बांच्या एका जुन्या मित्राचं बोलणं. शिकलेले, चळवळीतले, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते म्हणाले, 'बेटा, सच्चर कमिटीचा रिपोर्ट वाच. आयएएसमध्ये आपण ३ टक्के, आयपीएसमध्ये ४. महाराष्ट्रात मेहमूदुर रहमान समितीनेही २०१३ मध्ये आपला मागासलेपणा मांडला. एवढ्या मुश्किलीने आपली एक मुलगी खुर्चीवर बसली आणि ती आपणहून उठणार?'

मी ह्या प्रश्नाशी बरेच दिवस झगडलो. चाचांचे आकडे बरोबर आहेत. खुर्च्या कमी आहेत, हे खोटं नाही. तुमच्यापैकी अनेकांना घरातला पहिला, मोहल्ल्यातला पहिला म्हणून हे ओझं माहीत आहे. पण समाजाची टक्केवारी ही शासनाने, संस्थांनी, आपण सगळ्यांनी मिळून वाढवायची गोष्ट आहे. ती एका बाईच्या पाठीवर ठेवायची आणि तिचं बीपी १६० झालं तर मीठ कमी कर म्हणायचं, हे मला आता पटत नाही. शिवाय त्या रात्री ती खुर्ची धरून बसली असती आणि ती नवी मुलगी शेजारी नसती तर? आपल्या नावाच्या सिस्टरच्या हातून पेशंट गेला असता तर बातमी कशी लागली असती, हे मी चाचांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

आपाने आधी तिथेच विचारलं, मला पुन्हा साधी स्टाफ नर्स करा. मेट्रन बऱ्या होत्या, पण ऑफिसने सांगितलं, असं सिस्टिममध्ये करता येत नाही. मी हसलो, कारण मी कंपन्यांसाठी एचआरचं सॉफ्टवेअरच बनवतो. पदबदलाच्या फॉर्ममध्ये नवा ग्रेड जुन्यापेक्षा खालचा टाकला तर आमचं सॉफ्टवेअर लाल अक्षरात एरर देतं. ती तपासणी पाच वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. कुणी खाली जायला मागेल, हे तेव्हा माझ्या मनातच आलं नव्हतं.

एका अर्थी तिथे नाही म्हणाले ते बरंच झालं. इथे व्यवहाराचं एक सांगतो, लिहून घ्या. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं झाल्यावर मिळते आणि ती शेवटच्या पगारावर मोजतात: १५ दिवसांचा पगार, दिवसाचा दर २६ ने भागून, गुणिले वर्षं. तिथेच खालच्या पगारावर राहिली असती तर पुढे कधी सोडताना जुनी सगळी वर्षंही खालच्या दराने मोजली गेली असती. नोकरी बदलल्यामुळे नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी वरच्या पगारावर मिळाली. पीएफ काढला नाही, नव्या खात्यात ट्रान्सफर केला. माझ्या एक्सेलचा एवढा एक कॉलम कामाला आला.

आता ती चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ओएचसीला नर्स आहे, म्हणजे कंपनीच्या आतला दवाखाना. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे अशी खोली आणि नर्सिंग स्टाफ सांगितला होता, म्हणून आपल्या पट्ट्यात अशा जागा बऱ्याच आहेत. नर्सिंग करणाऱ्या मुलींना त्या कुणी सांगत नाही. पगार ४३ हजारांवरून २९ वर आला. हाताखाली कुणी नाही, वर एक डॉक्टर. शिफ्ट सुटली की रजिस्टर पुढच्या सिस्टरच्या हातात देऊन ती कंपनीच्या बसमध्ये बसते. तळेगाव चौकात बस पाऊण तास अडकते, तेवढ्यात झोप काढते.

तिथे सगळं गोड आहे असं नाही. प्रेसवर बोट गेलेला कंत्राटी पोरगा येतो तेव्हा सुपरवायझरला तो 'किरकोळ' लिहिलेला हवा असतो, आणि आपा आहे तसं लिहिते. त्यावरून दोनदा वाजलं. पण ती म्हणते, ह्या भांडणाने झोप जात नाही, कारण इथे मला कळतं मी काय करतेय.

घरात १४ हजारांची ओढ खरी आहे. गाडीचा बेत रद्द झाला. हप्त्यातला मोठा वाटा आता माझ्याकडे आला आणि त्यावरून माझ्या बायकोचं आणि माझं एकदा चांगलं जुंपलं. ज्याच्या घरात वाटा उचलणारा दुसरा कुणी नाही, त्याला मी 'सोड' असं सांगू शकत नाही. त्याने रोस्टरसाठी, माणसं वाढवण्यासाठी युनियनकडे, मॅनेजमेंटकडे भांडावं, एवढंच म्हणेन. आणि नुसती जागा बदलून सगळं बरं होतं असंही समजू नका. आपा त्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांकडेही जात होती, गोळ्याही घेतल्या. हे वाक्य तिने खोडलं नाही, उलट खाली रेघ मारली. शासनाचा टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, विंचूदंशावरच्या उपचारासाठी. एमडी झाल्यावर मोठ्या शहरात बसू शकले असते, ते कोकणातच परत गेले. त्यांचं कारण ताण नव्हतं, म्हणून तुलना करत नाही. मला फक्त एवढं दिसतं की पुरुष डॉक्टर छोट्या जागी गेला तर आपण त्याला त्याग म्हणतो, आणि नर्स गेली तर विचारतो, काढून टाकली का?

ती केसीएल ओळखणारी मुलगी मध्यंतरी घरी आली होती. तिला इन्चार्ज होशील का विचारलंय म्हणे. आपाने तिला हो किंवा नाही काही सांगितलं नाही, फक्त दहा प्रश्न लिहून दिले, हो म्हणण्याआधी ऑफिसला विचारायचे. पहिला होता, रजेवर कुणी गेलं तर तिच्या जागी कोण.

बाकीचे नऊ आपालाच विचारा. ती मागच्या रांगेत, हिरव्या ओढणीत बसलीय. आज तिची सेकंड शिफ्ट आहे, अडीचला बस सुटते, तेव्हा तिचे प्रश्न आधी घेऊ, माझे नंतर.