ओझं बांधायची रीत

सांगवीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. लांबच्या प्रवासाला मोटारसायकलवर सामान कसं न्यायचं, आणि तेही पोरांच्या त्या स्पोर्ट्स गाडीवर!

झालं असं. पुण्यातल्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. दुसऱ्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी संपली. एका पोत्यासाठी टेम्पो परवडेना. गटातली एक सून म्हणाली, "घरात गाडी आहे, मला चालवता येते, लायसन आहे. मी नेते." मोरगाव, जेजुरी, सासवड करत निघाली. दिवे घाटात वळणावर पोतं घसरलं आणि सायलेन्सरला चिकटलं. जळका वास आला म्हणून तिनं गाडी बाजूला घेतली. बघते तर निम्मी पाकिटं वितळलेली आणि दोरीचं सुटलेलं टोक मागच्या चाकात गुंडाळलेलं. आणखी थोडं पुढं गेली असती तर? विचार करूनच आमच्या अंगावर काटा येतो.

पुढच्या बैठकीत विषय निघालाच. कुणी म्हणालं, "बाईमाणसानं कशाला असली गाडी चालवावी?" सून खाली मान घालून बसली होती. तेव्हा धनगरवाड्यातल्या आमच्या आजी बोलल्या, "चूक बाईची नाही, बांधणीची हाय. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात जायचो. घोडा कवा पडला नाही. दोन्ही अंगाला वजन सारखं, जड ते खाली, आणि दोरीचं टोक मोकळं सोडायचं नाही."

मैत्रिणींनो, गाडीचंही अगदी तेच आहे. स्पोर्ट्स गाडीला कॅरिअर नसतं. मागची सीट अरुंद, उंच आणि उतरती. उंच ओझं ठेवलं की वळणावर गाडी ओढली जाते. म्हणून दोन्ही बाजूंना लटकणारी जोडपिशवी घ्या, दोन्हीकडं वजन सारखं भरा. जड वस्तू तळाला आणि चालवणारीच्या जवळ ठेवा. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी वर उचलून बांधा. सुतळीऐवजी बकलाचे रुंद पट्टे वापरा, उरलेलं टोक आत खोचा. मागचा दिवा आणि नंबर झाकू नका. गाडी किती वजन पेलते आणि ओझं असताना मागच्या टायरात हवा किती हवी, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाचा. चेन ढिली नाही ना, हेही बघा. सगळं बांधून झालं की गावातच एक फेरी मारा, थांबून पट्टे पुन्हा आवळा. वाटेत तास-दीड तासानं उतरायचं, कारण या गाडीवर पुढं वाकून बसावं लागतं, मनगटं आणि कंबर भरून येते. ओढणी किंवा पदर मोकळा ठेवायचा नाही. हेल्मेट तर हवंच. आणि गिअरच्या गाडीचं लायसन वेगळं असतं, स्कूटीच्या लायसनवर ही गाडी चालवू नका.

"बाईचं काम नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. आपल्याच जिल्ह्यात चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बायकांच्या हातांनी पल्सर आर एस 200 सारख्या स्पोर्ट्स गाड्यांची जोडणी झाली आहे. आणि पुण्यात 2011 साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बाइकर्नी' हा बायकांचाच गट सुरू केला. त्यातल्या बाया लडाखच्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गाडीवर गेल्या. आपल्याला तर पुण्यापर्यंतच जायचंय!

वितळलेल्या पाकिटांचं नुकसान आम्ही गटाच्या नफ्यातून भरलं, सुनेच्या अंगावर टाकलं नाही. जुन्या ताडपत्रीची जोडपिशवी गटातल्याच शिवणकाम करणाऱ्या बाईनं शिवली. पुढच्या खेपेला निघताना पट्टे आवळायला आजी स्वतः आल्या. ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "जा आता. घोडा तयार हाय."

संध्याकाळी फोन आला, एकही पाकीट फुटलं नाही. आणि मैत्रिणींनो, आमची सून सुखरूप पोचली, हे आम्हाला चटणीपेक्षा मोठं.